काटा चाळीसच्या आत

दादा, म्हणजे माझे वडील, सकाळी गाडी चालू करायचे तेव्हा मी अंथरुणातच असे आणि डोळे न उघडता ऐकत असे. आधी किल्लीचा बारीक आवाज, मग स्टार्टरची घरघर, मग एक थांबा. त्या थांब्यात आमचं सगळं घर श्वास धरून असायचं. स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी थापणाऱ्या आईचा हात थांबायचा, मागच्या पडवीतली बादली खाली ठेवायचा आवाजही कुणी करायचं नाही. इंजिनानं पकड घेतली की खिडकीतून जळक्या ऑइलचा वास आत यायचा आणि आईची थापटी पुन्हा सुरू व्हायची. त्या आवाजावरून मला दिवसाचा अंदाज येई. खणखणीत असेल तर दिवस बरा. त्यात खोकल्यासारखं काही मिसळलेलं असेल तर मी पांघरूण डोक्यावर ओढून घेत असे. मंगळवारी आणि शुक्रवारी तर मी झोपेतही कान देऊन असे, कारण त्या दोन दिवशी आईला मुंबईच्या इस्पितळात डायलिसिसला न्यायचं असे.

आईची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते. भाईंदरला तेव्हा अशी सोय नव्हती. रेल्वेनं एकदा नेऊन पाहिलं होतं, तर परतताना ती स्टेशनच्या जिन्यावर भोवळ येऊन बसली आणि दादांनी तिला अक्षरशः उचलून खाली आणलं. आमच्याकडच्या रिक्षा दहिसरच्या नाक्यापलीकडे जात नसत आणि टॅक्सीवाले इकडे यायला तयार नसत. म्हणजे उरली ती आमची गाडी. दादा शाळेत गणित शिकवायचे. आठवड्याच्या त्या दोन दिवशी अर्धी रजा टाकून ते स्वतः गाडी हाकत. गाडी चालली तर आई चालली, असं घरात कुणी कधी म्हटलं नाही, पण प्रत्येकजण तेच मनात धरून वावरत होता.

दादा गेल्याला अजून वर्ष झालेलं नाही. भेटायला आलेल्या माणसांनी त्यांच्या शिकवण्याच्या आठवणी सांगितल्या, त्यांच्या शिस्तीच्या सांगितल्या. त्या गाडीचं नाव कुणीच काढलं नाही. मीही काढलं नाही. आता रोज थोडं थोडं लिहिते आहे तर सगळ्यात आधी कानात तोच आवाज येतो आहे.

गाडी आमच्या घरी आली तेव्हाच जुनी होती. मिठागराचे एक मॅनेजर गाव सोडून गेले, त्यांच्याकडून दादांनी ती घेतली. रंग निळा, म्हणून आम्ही तिला निळीच म्हणायचो. आमचं घर भाईंदर पूर्वेला, स्टेशनपासून आत, जुन्या वस्तीत. मागे विहीर, विहिरीपलीकडे बांध आणि बांधापलीकडे मिठागरं. आजोबांच्या हयातीपर्यंत त्यांतली काही आमची होती. आज तिथे इमारती आहेत, त्यांतल्याच एकीत पाचव्या मजल्यावर मी राहते. नळाला पाणी तेव्हा दिवसातून थोडाच वेळ यायचं. ते पिण्याचं आणि डाळ शिजवायचं. बाकी सगळ्याला विहीर. विहिरीचं पाणी इतकं मचूळ की त्यात साबणाला फेस येत नसे. गाडी धुवायला तेच आणि गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायलाही तेच. माणसांच्या तोंडचं पाणी गाडीला घालणं ही गोष्ट आमच्या वस्तीत कुणाच्या डोक्यातही आली नसती.

आईचं पाणी मात्र आता मापात आलं होतं. दिवसाला दोन छोटे तांबे, त्यातच चहा आणि त्यातच औषधाच्या गोळ्या. मीठ पूर्ण बंद. मिठागरवाल्यांची ती लेक, मिठागरवाल्यांच्याच घरात दिलेली. तिच्या ताटातून मीठ गेलं, सुके बोंबील गेले, खाराची कैरी गेली. दादाही तिच्याबरोबर अळणी जेवत. ती म्हणायची, “तुम्ही कशाला वनवास घेता?” दादा म्हणायचे, “मला चव कळतच नाही, शाळेत खडू खाऊन खाऊन जीभ गेलीय.” मी अळणी आमटी भातावर ओतून घ्यायची आणि ताट उचलल्यावर मागच्या दारी जाऊन लोणच्याची फोड चोखायची.

त्या थंडीत निळी ऑइल प्यायला लागली होती. दादा डिकीत ऑइलचा डबा घेऊनच निघत. मग एका मंगळवारी, इस्पितळातून परत येताना, नाका ओलांडल्यावर बॉनेटमधून वाफ उसळली. मागच्या सीटवर आई झोपली होती, ती जागी झाली आणि बाहेर बघत राहिली. एका टेम्पोवाल्यानं आम्हाला दोरखंडानं ओढत नया नगरपर्यंत आणलं. तिथे उस्मानभाईंचं गॅरेज होतं. उस्मानभाई म्हणजे मोठा बोलका माणूस. आपल्यासारखा मिस्त्री बोरीवलीपासून विरारपर्यंत नाही, हे ते गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन उघडलं. सकाळची शाळा सुटल्यावर मी दादांबरोबर गेले. इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला ते हेड म्हणत, बाकावर उलटं ठेवलं होतं. त्यातल्या पाणी खेळायच्या वाटांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या खाल्ल्या गेल्या होत्या. आत पांढरट-तांबूस खपली.

“हेड गल गया, मास्टरजी,” उस्मानभाई म्हणाले. “रेडिएटर में पानी डालते थे के समुंदर?”

“विहिरीचं पाणी,” दादा म्हणाले.

“वो एकही बात. आणि हे पण बघा.” त्यांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या आत वरच्या बाजूला फिरवलं. नखाला एक कड लागली, जिन्याच्या पायरीसारखी. “इथपर्यंत पिस्टन घासतो. जिथे घासला तिथे खड्डा झाला. बोअर करावा लागेल, म्हणजे आतून तासून सारखा, पिस्टन नवीन, रिंगा नवीन. ते मी करतो. पण हेड कुठून आणणार? या मॉडेलचं हेड आता बनत नाही. नंतरचं बसत नाही.”

“शुक्रवारी गाडी पाहिजे,” दादा म्हणाले.

“शुक्रवार? मास्टरजी, डिलिव्हरी की तारीख देते हो, बच्चा तो ठहरने दो!”

आजूबाजूचे हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी कारण सांगितलं तेव्हा उस्मानभाईंनीही हात पुसले आणि म्हणाले, “हेड आणून द्या. बाकी माझ्यावर.”

दादांनी कोपऱ्यावरच्या बूथवरून इस्पितळात फोन केला. शुक्रवारची पाळी शनिवारी दुपारी ढकलता येईल, ती शेवटची, रविवारी मशिनं बंद, असं उत्तर आलं. शनिवार चुकवू नका, असंही तिथल्या बाई दोनदा म्हणाल्या. भाऊबंदांतल्या एकाचा भाजीचा टेम्पो सांगून ठेवावा असं दादांनी घरी आल्यावर सुचवलं. आई म्हणाली, “भाजीच्या टेम्पोत बसून मी न्हाय जायची. मेल्यावर न्या त्यातून.”

दादांनी टेम्पोचा विषय तिथेच सोडला. पण त्या दुपारी ते बाहेर गेल्यावर आई जे बोलली ते त्यांनी ऐकलं नव्हतं, निदान मला तसं वाटलं. मी तिच्या सुजलेल्या पायांना तेल लावत होते. ती म्हणाली, “गाडी न्हाय झाली तं बरंच हाय, बाय. सुटंल तुझा बाप. किती दिस वढायचं मना?” मी तेलाची वाटी खाली ठेवली. ती पुढे म्हणाली, “त्यांना सांगू नको,” आणि कूस बदलली. तेव्हापासून मला दोन गोष्टींची भीती पडली. एक, गाडी होणार नाही याची. दुसरी, गाडी झाली आणि आई तिच्यात बसलीच नाही तर, याची. पहिली भीती मी दादांबरोबर वाटून घेऊ शकत होते. दुसरी एकटीच घेऊन हिंडत होते. पुस्तक उघडायची आणि तीच ओळ वाचत बसायची.

दादांनी इंजिनाचे काही सुटे भाग घासायला घरी आणले होते, उस्मानभाईंचे हात मोकळे राहावेत म्हणून. अंगणात परातीत रॉकेल ओतून आम्ही दोघं ब्रशनं घासत बसलो. घरभर रॉकेलचा वास. आई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. मग खाली बसली, रेडिएटरच्या नळीतून निघालेली खपली तिनं चिमटीत घेतली, बोटांत चुरडली आणि आम्हाला काही कळायच्या आत जिभेवर ठेवली.

“थुंक! अगो, थुंक आधी!” दादा ओरडले.

“मीठ न्हाय,” ती थुंकून म्हणाली. “चुना हाय नि गंज. मीठ कवाच लोखंडात गेलं.” मग बोटं पदराला पुसत: “मीच घालत आले गो त्यात विहिरीचं पाणी. मना वाटलं, गाडीला काय कळतंय.”

“मलाही तसंच वाटलं,” दादा म्हणाले. “मी शिक्षक आहे, मला कळायला हवं होतं म्हणशील, तर नाही कळलं.” आणि ते पुन्हा घासायला लागले.

हेड सापडलं ते घोडबंदरला. आधी आम्ही हायवेवरची भंगाराची दुकानं पालथी घातली होती. एका ठिकाणी आमच्या मॉडेलचा नुसता दरवाजा मिळाला, एका ठिकाणी हेड मिळालं तर त्याला चीर. तिथल्याच एकानं सांगितलं की घोडबंदरला, किल्ल्याच्या खालच्या अंगाला, एका घराच्या मागे अशीच एक गाडी उभी आहे, वर्षानुवर्षं हललेली नाही. गुरुवारी दुपारी दादा, मी आणि हत्यारांची पिशवी घेतलेले उस्मानभाई बसनं तिथे गेलो. गाडी होती. टायर मातीत गेलेले, काचांवर शेवाळ, आणि आत पुढच्या सीटवर एक कोंबडी पिसं फुगवून बसलेली.

घरातून एक म्हातारी बाई आली. नाव हिराबाई. दादांनी हात जोडून काय हवं ते सांगितलं.

“गाडी माझ्या मालकाची हाय,” ती म्हणाली. “इकायची न्हाय.”

“गाडी नको. इंजिनावरचा एक भाग पाहिजे.”

“आज भाग, उद्या चाकं. भंगारवाले असंच बोलतात.”

वर्गात तासन् तास बोलणारा तो माणूस तिच्या अंगणात नुसता उभा राहिला. मीच म्हणाले, “माझ्या आईला इस्पितळात न्यायचंय. शनिवारी.”

“काय झालंय तिला?”

मी सांगितलं. हिराबाईनं माझ्याकडे, मग दादांच्या चपलांकडे पाहिलं. म्हणाली, “भाईंदरचे तुम्ही? कुनाचे?” दादांनी आजोबांचं नाव सांगितलं. तिच्या माहेरचा कुणीतरी त्यांच्या मिठागरावर पूर्वी काम करत होता असं निघालं. तेवढ्यावर ती मऊ झाली असं नाही, पण पायरीवर बसली. “घ्या. पन माझी कोंबडी खुडुक बसलीय. ठोकाठोक केलीत नि ती अंडी सोडून उठली तं बघा.”

उस्मानभाईंनी कपाळाला हात लावला. “माई, गंजलेले नट आहेत. हातोडी मारल्याशिवाय हलणार कसे?”

“त्ये मना काय म्हाईत. तू मिस्त्री.”

मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. प्रत्येक नटावर ऑइल सोडायचं, थांबायचं, पान्याला फडकं गुंडाळायचं आणि दोघांनी मिळून हळूहळू दाबायचं. उस्मानभाई कुजबुजत शिव्या देत होते. कोंबडी काचेतून एका डोळ्यानं आमच्याकडे बघत होती. एक नट काही केल्या हलेना, तेव्हा हिराबाई स्वतः उठली, गाडीचं दार उघडून कोंबडीच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि म्हणाली, “मार आता एकदा. एकदाच.” उस्मानभाईंनी एकच घाव घातला. कोंबडी थरथरली, उठली नाही. हेड निघालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बसून राहिलेल्या त्या गाडीत गोडं पाणी होतं की काय कोण जाणे, तिच्या पाण्याच्या वाटा चांगल्या शाबूत होत्या. दादांनी खिशाला हात घातला तर हिराबाई रागावली. तिनं एकच मागितलं: “तुमचं मोडकं असंल त्ये आनून बसवा तिथं. भोक दिसाया नको.” पुढच्या आठवड्यात दादांनी आमचं गंजलेलं हेड तिथे नेऊन बसवलं.

शुक्रवार गेला. लेथवाल्याकडून बोअर व्हायला वेळ लागला आणि जोडताना सांध्यात बसवायची एक पातळ गॅस्केट फाटली, जी उस्मानभाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या आयुष्यात फाटलेली पहिलीच होती. शनिवारी सकाळी आईचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. आडवं झालं की तिला धाप लागायची, म्हणून ती रात्रभर उशा रचून बसून होती. मी तिचं लुगडं, टॉवेल, पातळ पेज भरलेला डबा पिशवीत भरत होते आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. दुपार व्हायच्या आत गाडीचा आवाज आला. वेगळाच आवाज होता, भरीव आणि जरा आखडलेला. दादांच्या मागोमाग उस्मानभाईही आले होते, खास ताकीद द्यायला.

“मास्टरजी, हजार किलोमीटर चालीस के ऊपर नहीं. एकतालीस भी नहीं. नव्या रिंगा आहेत, घट्ट आहेत. पळवली तर आतल्या आत धरून बसेल, मग देवाकडे जा, माझ्याकडे येऊ नका. नयी बहू है, पहिल्या महिन्यात चक्की पिसवू नका.”

“मुंबईपर्यंत चाळीसनं?” दादा म्हणाले.

“और क्या! बैलगाडीसे तो जल्दी पहुंचोगे.”

आई उठेल की नाही, इकडे माझं लक्ष होतं. ती उठली. माझा खांदा धरून अंगणापर्यंत आली आणि मागच्या सीटवर बसली. मी पुढे बसले. मला थोडं सुटल्यासारखं झालं, पण फार नाही, कारण ती बसली ती दादा दार उघडून उभे होते म्हणून, असं मला वाटत होतं.

हायवेवर चाळीसनं जाणं म्हणजे काय ते ज्यानं केलं असेल त्यालाच कळेल. ट्रक मागून येऊन भोंगे वाजवत, ओलांडताना क्लीनर खिडकीतून हातवारे करत. काटा चाळीसच्या रेघेवर थरथरत होता. दुसरा काटा, तापमानाचा, मी बघत होते, तो ठीक होता. मागे आईचा श्वास ऐकू येत होता. आधी वाऱ्यात मिसळलेला, मग वेगळा, शिट्टीसारखा. दादांनी आरसा वळवून तिच्याकडे पाहिलं. इंजिनाचा आवाज चढला. काटा पंचेचाळीसवर, मग पन्नासवर गेला. बॉनेटखालून गरम रंगाचा वास यायला लागला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडू? थांबा म्हणू की पळवा म्हणू?

“कितीवर हाय काटा?” मागून आई म्हणाली.

“पन्नास,” मी म्हणाले.

“कमी करा.”

“तुला धाप लागलीय,” दादा म्हणाले.

“माझी धाप मी बघते. तुम्ही इंजिन बघा.” तिला मध्ये श्वास घ्यावा लागला. “आज फोडलंत इंजिन, तं मंगळवारी मना कशात नेनार?”

दादांचा पाय सुटला. काटा हळूहळू खाली आला, चाळीसच्या आत. एक ट्रक अगदी चिकटून भोंगा वाजवत गेला आणि आईनं त्याच्या ड्रायव्हरला, त्या धापेतसुद्धा, आमच्या वस्तीतली एक अस्सल शिवी हासडली.

आम्ही पोचलो तेव्हा शेवटची पाळी लावून झाली होती, एक मशीन तेवढं आमच्यासाठी अडवून ठेवलेलं. उशीर झाला म्हणून तिथल्या बाई दादांवर तापल्या आणि दादांना बाहेर घालवलं. सुया लागल्या, नळ्यांतून रक्त फिरायला लागलं. बऱ्याच वेळानं आईचा श्वास खाली बसला. मी तिच्या पायांशी स्टुलावर होते. ती झोपली असं मला वाटलं होतं.

“हजार किलोमीटर म्हंजे आपल्या किती फेऱ्या गो?” तिनं विचारलं.

मी बोटांवर हिशेब केला. “बाराएक.”

तिनं डोळे मिटूनच मनात काहीतरी जुळवलं. “म्हंजे शिमगा येल. जा, त्यांना सांग, शिमग्यापर्यंत हळूच चालवा म्हनावं.”

मी खाली गेले. दादा बॉनेट उघडून, फडकं हातात धरून, काहीच न करता उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. काही वाईट झालं असं त्यांना वाटलं असणार. मी म्हणाले, “आई बरी आहे. शिमग्यापर्यंत हळू चालवा म्हणाली.”

दादांनी फडकं खांद्यावर टाकलं. तोपर्यंत मला वाटत होतं की गाडी नाही झाली तर बरंच, हे आईचं त्या दुपारचं बोलणं मला एकटीलाच ठाऊक आहे.

“शिमगा म्हणाली ती?” त्यांनी विचारलं. “आपणहून?”

“हो,” मी म्हणाले. “आपणहून.”